बासरीने कोणाचं नाव घेतलं

दवाखान्याच्या मागच्या अंगाला धुलाईघर होतं. रोग्यांचे नातेवाईक सहसा तिकडे फिरकत नसत, आणि चुकून आलेच तर नाक दाबून परत जात. तिथे बेचाळीस वर्षं चादरींच्या घड्या घालणाऱ्या बाईला सगळे अक्का म्हणत. साहेब अक्का म्हणे, झाडूवाला अक्का म्हणे, तिच्यापेक्षा वयाने मोठा असलेला बॉयलरवालाही अक्काच म्हणे. वय अठ्ठावन्न, अंगाने चिपाड, पण ओली चादर पिळायला घेतली की चादरीचीच कीव यावी.

मोठी चादर एकटीला घडी घालता येत नाही. दोघी समोरासमोर उभ्या राहतात. दोन कोपरे हिच्या हातात, दोन तिच्या. ताणायची, झटकायची, दुमडायची, मग चालत एकमेकींकडे यायचं, आपले कोपरे समोरचीला द्यायचे, वाकून लोंबती घडी उचलायची आणि परत मागे जायचं. दिवसभर हेच. नुसतं हातांनी केलं तर तासाभरात डोकं बधिर होतं आणि घड्या तिरक्या पडायला लागतात. म्हणून अक्का गोष्ट सांगे. मागे जाताना राजा शिकारीला निघे, पुढे येताना वाघ आडवा येई, आणि कोपरे हातात देताना जे व्हायचं ते होऊन जाई. जोडीदारीण वेळेवर पोचली नाही तर वाघाने कोणाला खाल्लं ते तिला कळायचं नाही. त्यामुळे अक्कासमोर आळशी बाईसुद्धा झपझप चाले.

साहेबाने एकदा फर्मान काढलं होतं की कामाच्या वेळी तोंडं बंद. आठवड्याभरात घड्यांचा असा विचका झाला की वॉर्डातल्या नर्सा भांडायला खाली उतरल्या. साहेबाने फर्मान मुकाट्याने गिळलं.

अक्काच्या गोष्टी कुठून कुठून गोळा झालेल्या. निम्म्या आईच्या, बाकीच्या जोडीदारणींकडून उचललेल्या. ती म्हणे, गोष्ट म्हणजे वाटेवरचा माठ, येईल त्याने प्यावं, जाताना थोडं भरून ठेवावं. पण एक गोष्ट मात्र ती आपली समजायची, आणि तीच तिला धड सांगता येत नसे. एक बहीण, एक भाऊ. तळ्यावर पाणी आणायला जातात. भाऊ पाण्यात पडतो, त्याचा मासा होतो, मासा पोहत पोहत समुद्राला जाऊन मिळतो. संपली.

इस्त्रीच्या रोलरवर बसणारी बाई तोंडाची फटकळ. ती म्हणायची, "अक्का, बाकीच्या गोष्टींत तू माणसं कापतेस, चिरतेस, मीठ लावून वाळत घालतेस. हिच्यात तेवढा मासा करून सोडून देतेस. ही गोष्ट आहे का रजेचा अर्ज?"

अक्का हसण्यावारी न्यायची. खरा शेवट तिला ठाऊक होता.

अक्का आठ वर्षांची असताना तिचा अडीच वर्षांचा भाऊ धुण्याच्या हौदात बुडाला. आई धुतलेले कपडे वाळत घालायला घरामागे गेली होती. जाताना म्हणाली होती, बाळाकडे बघ. पोरगी बघत होती, आणि मग बघत नव्हती. किती वेळ बघत नव्हती ते तिलाही सांगता आलं नसतं. तिने त्याला हात लावला नव्हता. तोच तर घोटाळा होता. हात लावला असता तर पोरगा वर आला असता.

पुढे केव्हातरी आईने तिची वेणी घालता घालता ती गोष्ट सांगितली, हे अक्काला लख्ख आठवत होतं. त्या गोष्टीत भाऊ आपणहून पडत नाही. लाल मण्यासाठी बहीण त्याला लोटते आणि घरी येऊन, जसं काही झालंच नाही, अशी जेवायला बसते. तळ्याकाठी बोरू उगवतो, गुराखी तो कापून बासरी करतो, आणि ओठाला लावताच बासरी आपणहून बोलायला लागते.

*हळूच वाजव, गुराखीदादा, हळूच घाल फुंकर,*
*ताईनेच लोटलं मला, पाणी गार गार.*

आठ वर्षांच्या पोरीला कळायचं ते कळलं. ही गोष्ट आईने तिच्यासाठी रचली होती. तोंडावर म्हणायचं नव्हतं म्हणून बासरीच्या तोंडून म्हणवलं होतं. लेकी बोले सुने लागे, त्यातला प्रकार.

त्यावर पोरीने चकार शब्द काढला नाही. आईनेही काढला नाही. एका छपराखाली दोघी आणखी आठ वर्षं जेवल्या, झोपल्या, भांडल्यासुद्धा, पण मेलेल्या पोराचं नाव कोणी घेतलं नाही. सोळाव्या वर्षी अक्का शहरात कामाला आली ती आलीच. वर्षाकाठी एकदा घरी जायची, ती पाहुण्यासारखी, दारात चपला काढतानाच निघायच्या तोंडाने ठेवायची. लग्न केलं नाही. अकरा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा निरोप वेळेत आला होता. अक्का तिसऱ्या दिवशी पोचली.

तर गेल्या महिन्यात तिच्या जोडीला नवी बाई आली. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा मुलखातली, चाळिशीची, हाताची चपळ. इथली भाषा ती दगडांवरून ओढा ओलांडावा तशी बोलायची, एक शब्द इथे, दुसरा तिथे. इस्त्रीवालीने तिचं नाव उच्चारायचा दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा जीभ चावली, आणि मग तिला "नवी" करून टाकलं.

मंगळवारी सकाळी पहिल्या ढिगाला हात घातला तेव्हा अक्काच्या तोंडी माशाची गोष्ट आली. का आली देव जाणे. मागे जाताना बहीणभाऊ तळ्यावर निघाले. पुढे येताना तळं आलं.

"आणि भाऊ पडला पाण्यात," अक्का कोपरे पुढे करत म्हणाली.

नवीने कोपरे घेतले नाहीत. "पडला नाही," ती म्हणाली. "बहीण ढकलते."

अक्काच्या हातून चादर सुटली. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा सुटली, आणि धुतलेली, रोलरमधून निघालेली चादर ओल्या फरशीवर पडून राहिली.

"कोणी सांगितलं तुला?"

"आजी. माझी आजी." आपलं काही चुकलं की काय अशा नजरेने नवीने चादरीकडे पाहिलं. "बहीण ढकलते. मग पाण्याजवळ लांब गवत. मेंढ्यावाला येतो, कापतो. फू करतो. गवत बोलतं."

"काय बोलतं?"

नवीने ते तिच्या भाषेत गाऊन दाखवलं. चाल निराळी होती, शब्द एकही कळला नाही. पण एका जागी तिने डोळे मिटून आवाज बारीक केला, आणि अक्काला कळलं की आता बासरी नाव घेतेय. ती चादरींच्या ढिगावरच बसली. कोणीतरी आपलं कुलूपबंद कपाट उघडावं आणि आतली वस्तू गावभर घरोघरी असलेली निघावी, तसं झालं होतं तिला.

"तुझी आजी कधी इकडे आली होती?" तिने विचारलं. प्रश्न खुळ्यासारखा होता हे तिलाही कळत होतं.

"आजी? आजी तिच्या गावाच्या बाहेर नाही आली कधी."

जेवणाच्या सुट्टीत हा विषय सगळ्यांच्या डब्यांवरून फिरला. बॉयलरवाला म्हणाला, ही गोष्ट त्याच्याकडे आहे, पण तिच्यात तीन भाऊ असतात आणि थोरले दोघं धाकट्याला पुरतात. बासरी नाही, हाडांचा ढोल होतो, आणि ढोल राजवाड्यात बोलतो. इस्त्रीवालीने त्याला तिथेच अडवलं. "ढोल काय बोलणार, डोंबल? डाळिंबाचं झाड उगवतं. फळ तोडलं की ते सांगतं, सावत्र आईने मारलं."

"झाड बोलतं ते चालतं, आणि ढोल नाही चालत?"

"झाडाला जीव असतो. ढोलाला तू बडवतोस."

"मग मूळ गोष्ट कोणाची?" कोणीतरी विचारलं.

"मूळ शोधायला निघालास तर माकडापर्यंत जाशील," बॉयलरवाला म्हणाला. "आणि माकड म्हणेल, मी माझ्या आजीकडून ऐकली."

इस्त्रीवाली बोटं चाटत म्हणाली, "बायका पाण्यावर कामं करायच्या, पोरं पायात घोटाळायची. एखादं बुडायचंच. मग कोणी ढकललं, का ढकललं, करत बसायच्या. आपोआप पडला म्हटलं की गोष्ट कुठे होते?"

"पाणी सगळीकडे," नवी म्हणाली. "भाऊ पण सगळीकडे."

अक्काचा डबा उघडा होता आणि तसाच राहिला. तिच्या डोक्यात एकच चक्र फिरत होतं. समुद्रापलीकडच्या म्हातारीला जर ही गोष्ट येत होती, तर आईने ती रचलेली नव्हती. रचलेली नव्हती तर कदाचित तिने ती सहज सांगितली असेल, वेणी घालताना हाताला चाळा म्हणून, दुसरी कुठली आठवली नाही म्हणून. मग आईने तिच्यावर बोट ठेवलंच नव्हतं. मग ती घर सोडून का आली? तिसऱ्या दिवशी का पोचली? आईच्या मनात काय होतं हे सांगू शकेल असं एकच माणूस जिवंत होतं, आईची धाकटी बहीण, चौऱ्याऐंशी वर्षांची. रविवार उजाडेपर्यंत अक्काने जोडीदारणीला एकही गोष्ट सांगितली नाही, आणि बुधवारपासून वॉर्डात तिरक्या घड्या जायला लागल्या.

रविवारी दोन तास बसचे धक्के खाऊन ती मावशीकडे पोचली. मावशी नातवाच्या घरी राहायची. खिडकीशी खुर्ची टाकून, परातीत शेंगा घेऊन सोलत बसली होती. अक्काला दारात पाहिल्यावर म्हणाली, "का ग, कोण मेलं?"

"कोणी नाही."

"मग बस. मेल्याशिवाय येणारी तू नव्हेस."

अक्का समोर जमिनीवर बसली, तिनेही परातीत हात घातला. थोड्या शेंगा झाल्यावर म्हणाली, "मावशी, आई एक गोष्ट सांगायची. बासरीची."

"बोलणारी बासरी? ती आमच्या आईची. आम्ही चौघी बहिणी एका पांघरुणात, आणि ती गोष्ट. मी धाकटी, म्हणून दर वेळी मलाच बुडवायच्या. तुझी आई थोरली, ती गुराखी व्हायची. मेलीने कधी मला गुराखी होऊ दिलं नाही."

अक्काने श्वास सोडला. "म्हणजे तिने ती माझ्यासाठी नव्हती केली."

"तुझ्यासाठी? तुझ्या पणजीला दात आले नव्हते तेव्हापासूनची आहे ती."

"मग बाळ गेल्यावर मला ती का सांगितली?"

"कोणी?"

"आईने. वेणी घालताना."

मावशीने हातातली शेंग न सोलताच परातीत टाकली. "बाळ गेल्यावर तुझ्या आईने गोष्ट सांगितली नाही. एकही नाही. मी माझी पोरं घेऊन पाच महिने तिच्याजवळ राहिले होते, मला विचार. आधी सांगायची, बाळ पोटात होतं तेव्हा. वेणी घालताना सांगायची ते खरं आहे."

"मावशी, मला शब्द न् शब्द आठवतोय. ताईनेच लोटलं मला."

मावशीने स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली. आत नातसुनेची भांडी वाजत होती. मग ती पुढे वाकली.

"आमच्या गोष्टीत ताई नव्हती," ती हळू आवाजात म्हणाली. "सावत्र आई होती. सावत्र आईने लोटलं मला, असं म्हणते बासरी. ताई तू घातलीस."

"मी?"

"दाराच्या पायरीवर बसून सांगत होतीस. माझी तिन्ही पोरं तुझ्यासमोर. तोंडाशी मुठी धरल्यास, बासरी झालीस, आणि म्हणालीस, ताईनेच लोटलं मला. आम्ही दोघी आत होतो. तुझ्या आईच्या हातून पाण्याचं घंगाळ पडलं."

घंगाळ पडल्याचा तो आवाज अक्काला आठवत होता. पितळेचा, घरभर फिरत जाऊन भिंतीशी थांबलेला. फक्त त्याच्या आधी काय होतं ते तिला कधी आठवलं नव्हतं. आता ओठांशी धरलेल्या आपल्याच मुठींची ऊब तिला जाणवली.

"पुढे?"

"पुढे काय? तुझी आई त्या पाण्यातच बसली. म्हणाली, पोरगी सांगतेय ग. सरळ सांगता येत नाही म्हणून गोष्टीत घालून सांगतेय. मग उठली, दार लावलं आणि माझ्याकडून शब्द घेतला की या कानाचं त्या कानाला होऊ द्यायचं नाही. तुझ्या बापाला तर मुळीच नाही, त्याने तुला जिवंत ठेवलं नसतं. मी नवऱ्यालाही नाही सांगितलं. आज तूच विषय काढलास म्हणून बोलतेय."

"मी काय सांगत होते, मावशी?"

मावशीने तिच्याकडे असं पाहिलं, जसं आंधळ्याला दिवस आहे की रात्र ते सांगायचं आहे. "की तू त्याला ढकललंस."

बाहेर रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. अक्काला वाटलं की आपण ओरडू, पण तोंडातून निघाला तो रोजचाच आवाज, चादर उचल म्हणावं तसा.

"मी नव्हतं ढकललं."

"नव्हतं?"

"नाही. कावळ्याने साबणाची वडी पळवली होती. समोरच्या पत्र्यावर बसून टोचत होता. मी त्याच्याकडे बघत होते."

"साबण," मावशी म्हणाली.

"हो."

"कावळ्याने नेलेला साबण."

"हो, मावशी."

मावशी खुर्चीत मागे टेकली. तिच्या तोंडाचं बोळकं उघडंच राहिलं होतं. "मग ताईने लोटलं असं कशाला म्हणालीस, भवाने?"

"ठाऊक नाही. तसंच वाटत असेल तेव्हा."

"वाटत असेल." मावशीने कपाळावर हात मारला, पण त्या हातात जोर नव्हता. "अग, ती एकोणचाळीस वर्षं जगली त्यानंतर. मरताना माझा हात धरून म्हणाली, तिला कधी कळू देऊ नकोस मला माहीत आहे ते. मी म्हटलं, नाही देणार. आणि तू म्हणतेस साबण."

अक्का नुसती आतून रिकामी झाली होती, ढोलासारखी. ती बाई. या पोरीने आपलं पोर पाण्यात घातलं असं समजून ती बाई रोज सकाळी तिच्या केसांना तेल लावत होती. गुंता सोडवत होती. आठ वर्षांत कधी एक हिसका जास्त बसला नव्हता. अक्का दर वेळी मान आखडून बसायची, आता ओढेल, मग ओढेल. ती क्षमा होती, भीती होती की नुसती हाताची सवय होती, हे आता कोणाला विचारायचं? क्षमा असली तर ती न केलेल्या गोष्टीची होती. आणि जे खरंच केलं होतं, कावळ्याकडे बघितलं होतं, ते आईला कधी कळलंच नाही. तिने स्वतः सांगितलेल्या गोष्टीने ते झाकून टाकलं होतं, आणि मग तीच गोष्ट आईच्या तोंडी घालून ती पन्नास वर्षं आईवर रुसली होती.

"तिने मला विचारलं असतं तर," अक्का म्हणाली.

"तू तिला विचारलं असतंस तर," मावशी म्हणाली. मग पदराने तोंड पुसून पुढे बोलली, आणि या वेळी तिने अक्काकडे पाहिलं नाही. "एक आणखी आहे, तेही ऐकून घे. तुझ्या हातात आम्ही कधी तान्हं पोर दिलं नाही. तुझ्या आईनेही नाही, मीही नाही. माझी नातवंडं झाली, तू बघायला आलीस, प्रत्येक वेळी मी काहीतरी काढलं. प्रवासातून आलीस, हात धू. दमली असशील, बस. लक्षात आलं नसेल तुझ्या."

"आलं होतं."

"आलं होतं?"

"मला वाटलं, लग्न नाही झालं म्हणून."

परातीतल्या सोललेल्या आणि न सोललेल्या शेंगा मावशीने एकत्र कालवून टाकल्या, आणि मग पुन्हा वेगळ्या करत बसली.

तेवढ्यात नातसून घाईघाईने बाहेर आली. कडेवर सात महिन्यांचं पोर, हाताला पीठ. "आजी, काय कुजबुज चाललीय दोघींची?"

"गोष्ट सांगतोय," मावशी म्हणाली.

"सांगा सांगा. आत्या, याला धरा जरा, दूध उतू जातंय." आणि कोणी हो-नाही म्हणायच्या आत तिने पोर अक्काच्या मांडीवर ठेवलं आणि आत पळाली.

पोर जड होतं, गरम होतं, त्याच्या तोंडातून लाळेचा धागा लोंबत होता. त्याने अक्काच्या साडीची निरी मुठीत धरली. अक्काचे हात त्याच्या दोन्ही बाजूंना हवेतच राहिले. चादरीचे कोपरे कसे धरायचे हे त्यांना ठाऊक होतं, हे नव्हतं.

मावशीचा हात पुढे आला. काही ठरवून आला नव्हता. पन्नास वर्षांची सवय आपणहून उठली होती. तो पोराच्या काखेपर्यंत पोचला आणि तिथेच थांबला. दोघींनी त्या हाताकडे पाहिलं, सुरकुतलेल्या, शेंगांनी हिरवट झालेल्या.

"राहू दे," मावशी म्हणाली. ते अक्काला म्हणाली की आपल्या हाताला, कळलं नाही. हात तिने पोराच्या पाठीवर टेकवला. काढून घेतला नाही.

अक्काने दोन्ही तळवे पोराच्या बरगड्यांवर ठेवले आणि त्याच्याकडे बघत राहिली. आतून दूध उतू गेल्याचा करपट वास आला, नातसून काहीतरी पुटपुटली, भांडं आपटलं. दोघींपैकी कोणीही तिकडे मान वळवली नाही.